ऑर्लँडोला किती दिवस ठेवावेत? सासूबाई आणि ६ वर्षांचा मुलगा सोबत असतील तर

तुमचा प्रश्न मला असा समजला: नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून तुम्ही पाच जण निघणार, तुम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पाला दिरांकडे जायचंय आणि तिथून ऑर्लँडोचं डिस्ने करायचंय. टूरवाल्यांचं म्हणणं, तीन दिवसांत तीन पार्क आरामात होतात. तुमचे मिस्टर म्हणतात, एवढा खर्च करतोच आहोत तर डिस्ने आणि युनिव्हर्सल (तिथलीच दुसऱ्या कंपनीची थीम पार्क) मिळून सात दिवस ठेवू, परत कधी जाणं होणार. तुम्हाला दोन्ही पटत नाहीये.

तुमच्या घरासाठी माझं उत्तर असं: ऑर्लँडोत सहा रात्री मुक्काम, पार्कचे दिवस चार, आणि त्या चारांच्या बरोब्बर मधे एक दिवस पूर्ण मोकळा. युनिव्हर्सल या खेपेला नाही. हे मी कशावरून म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण हा आकडा आम्हाला फार उशिरा कळला.

२०१८ च्या जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा माझी धाकटी ७ वर्षांची होती आणि माझे वडील ६९ वर्षांचे. आम्ही सलग सहा दिवसांचं तिकीट काढलं होतं. तुमच्या मिस्टरांचाच हिशोब. डिस्नेची तिकिटं अशी असतात की दिवस वाढवत गेलं की दिवसामागे दर कमी होत जातो. त्यामुळे पाचवा, सहावा दिवस जवळजवळ फुकटात मिळतोय असं वाटतं आणि हात आपोआप तिकडे जातो. चौथ्या दिवशी संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये मी बाबांना शोधत होते. ते एका बाकावर आमच्या तीन बॅगा मांडीशी घेऊन बसले होते. बुटांच्या नाड्या पूर्ण सोडलेल्या, आणि मोजा जिथे संपतो तिथे पायावर बोटभर खोल वळ उमटलेला. चार दिवस ते "तुम्ही जाऊन या, मी बॅगा सांभाळतो" म्हणत होते आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना राईडची आवड नाही. आमची धाकटी फुटपाथच्या कडेला बसून म्हणाली, "आई, उद्या पण यायचंच आहे का?" सातव्या वर्षी डिस्नेत बसून मूल असं विचारतं तेव्हा ते हट्ट करत नसतं. पार दमलेलं असतं.

पाचव्या दिवशी आम्ही गेलोच नाही. तिकिटाचे पैसे बुडाले, त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण सहाव्या दिवशी सगळे स्वतःहून सहाला उठले, दार उघडायच्या आधी आम्ही गेटवर होतो आणि साडेदहाच्या आत पाच राईड झाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसांत मिळून एवढ्या झाल्या नव्हत्या. तेव्हापासून कोणी विचारलं की मी मोकळा दिवस आधी लिहून घेते, पार्क नंतर.

आता चालण्याचं बघा, कारण तिथेच सगळं अडतं. आमच्या मोबाईलवर रोज २०,००० पावलांच्या आसपास आकडा दिसायचा, म्हणजे १२ ते १४ किलोमीटर. सासूबाई रोज गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारतात असं तुम्ही लिहिलंय, ते उत्तमच आहे. पण तासभर चालून घरी येऊन चहा घेणं वेगळं आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत डांबरी रस्त्यावर थांबत-चालत राहणं वेगळं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी तुमच्या घरात कोणी ना कोणी केली असेलच. ती साधारण २० किलोमीटरची. फेरी करून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करतो? पाय गरम पाण्यात टाकून बसतो. पार्कचे दोन दिवस म्हणजे एका फेरीपेक्षा जास्त चाल झाली. म्हणून दोन दिवस पार्क, एक दिवस खोलीवर, परत दोन दिवस पार्क, हा क्रम मोडू नका.

सासूबाईंसाठी पार्कमध्ये व्हीलचेअर आणि बॅटरीवरची गाडी भाड्याने मिळते. आपल्याकडच्या बायका व्हीलचेअरचं नाव काढलं की "मी काय आजारी आहे का" म्हणतात. त्यामुळे हा विषय नाशिकमध्येच काढा, तिथे गेटवर काढू नका.

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग आहे असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तिथे चार वेगवेगळी पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. पहिलं १९७१ मध्ये सुरू झालं, शेवटचं १९९८ मध्ये. दोन वॉटर पार्क वेगळेच. सगळा परिसर १०० चौरस किलोमीटरहून थोडा जास्त, म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा मोठा. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज सोडले तर एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ असं होत नाही. मॅजिक किंगडमला तर गाडी लावल्यावर पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यावी लागते. गाडीचं दार बंद केल्यापासून पार्कच्या दारात पोचेपर्यंत पाऊण तास सहज जातो, आणि रात्री परतताना तेवढाच.

टूरवाल्यांच्या "एका दिवसात एक पार्क" या हिशोबात हे तास कुठेच नसतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब अशाच टूरमधून गेलं होतं. सकाळी सगळ्यांचा नाश्ता उरकून बस अकराला पार्कवर, आणि इंडियन रेस्टॉरंटमध्ये जेवण ठरलेलं म्हणून सातला परत बसमध्ये. पार्क उघडल्यावरचे पहिले दोन तास रांगा सगळ्यांत लहान असतात, तेच त्यांच्या हातून गेले आणि रात्रीची आतषबाजीही गेली. त्यामुळे टूरवाल्यांना किती पार्क दाखवणार हे विचारू नका. गेटवर किती वाजता सोडणार आणि किती वाजता परत नेणार, हे विचारा. उत्तर लेखी घ्या.

दिरांच्या घराचा प्रश्न जरा नाजूक आहे, तरी लिहिते. टॅम्पाहून ऑर्लँडो साधारण १३५ किलोमीटर, गर्दी नसेल तर दीड तास. दीर-जाऊबाई आग्रह करतील की हॉटेलवर कशाला पैसे घालवता, रोज इथूनच जाऊ. प्रेमाने म्हणतील, पण ऐकू नका. रोज तीन तास गाडीत गेले की दुपारची विश्रांती संपली. जवळ हॉटेल असेल तर सकाळी आठ ते एक पार्क, मग खोलीवर येऊन जेवण आणि झोप, आणि पाचनंतर परत, असं करता येतं. लहान मूल आणि वयस्कर माणूस सोबत असताना मला याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. डिस्नेच्याच हॉटेलात राहिलात तर पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात. तो अर्धा तास दिसायला छोटा आहे, पण त्यात दोन मोठ्या राईड बिनरांगेच्या होतात. दिरांकडे आधी चार-पाच दिवस राहा. फराळ, लक्ष्मीपूजन, गप्पा सगळं तिथे होऊ दे. मग ऑर्लँडो.

आधी टॅम्पाला राहायचं आणखी एक कारण आहे. फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलली की साडेदहा तास. तुमचा मुलगा पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जागा असेल आणि दुपारी चारला जेवता जेवता झोपेल. त्या अवस्थेत पार्क करणं म्हणजे महागड्या तिकिटावर मूल खांद्यावर घेऊन फिरणं. टॅम्पाला झोप थोडी जागेवर येऊ द्या. तरीही पहिल्या दोन पार्कच्या दिवसांत रात्रीचं काही ठरवू नका. आतषबाजी शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

आणि ती ठेवताना एक गोष्ट नक्की तपासा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅजिक किंगडममध्ये ठरावीक रात्री ख्रिसमसची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते. त्या दिवशी साध्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळीच बाहेर पडावं लागतं. पार्टीच्या तारखा आधी जाहीर होतात. अशा दिवशी गर्दी कमी असते म्हणून काही जण मुद्दाम तोच दिवस निवडतात, तेही बरोबर आहे, पण मग आतषबाजीसाठी दुसरा दिवस हवा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे त्यांचा थँक्सगिव्हिंग, तो आठवडा पूर्ण टाळा. बाकी नोव्हेंबर हवेच्या दृष्टीने छान. आम्ही जूनमध्ये गेलो होतो तेव्हा दुपारी रोज गडगडाट व्हायचा, बाहेरच्या सगळ्या राईड बंद, आणि आम्ही दुकानांच्या पडवीत उभे.

चार दिवसांत काय घ्यावं? मॅजिक किंगडम दोनदा. हे ऐकून मिस्टर म्हणतील एकच जागा दोनदा कशाला. कारण ६ वर्षांच्या मुलासाठी खरं डिस्ने तेच आहे, आणि सासूबाईंना बसून बघण्यासारखंही तिथे सगळ्यांत जास्त आहे: परेड, बोटीतून फिरवणाऱ्या निवांत राईड. एका दिवसात ते धावत होतं. दोन अर्धवट दिवसांत ते निवांत होतं. तिसरा दिवस ॲनिमल किंगडम. उघड्या ट्रकमधून सफारी आहे, जिराफ कधीकधी अगदी रस्त्यालगत येतात, हत्तीही दिसतात. सफारी सकाळीच करा, ऊन चढलं की प्राणी सावलीला जातात. हे पार्क बाकीच्यांपेक्षा लवकर बंद होतं, म्हणून तो दिवस आपोआप हलका जातो. चौथा दिवस मुलीचा, हॉलिवूड स्टुडिओज. एपकॉट मी वगळेन. तिथे तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत आणि तो फेरा एकटाच दोन किलोमीटरचा. मोठ्यांना आवडतं. तुमच्या मुलाला आवडणार नाही आणि सासूबाईंचे पाय दुखतील.

युनिव्हर्सलचा मोह मला कळतो. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचं एपिक युनिव्हर्स नावाचं नवं पार्क उघडलंय, मुलीने व्हिडिओ पाहिले असतीलच. पण त्यासाठी तिकीट पूर्ण वेगळं, आणि एका दिवसाचं तिकीट नेहमी सगळ्यांत महाग पडतं. शिवाय तिथल्या मोठ्या राईडना उंचीची अट आहे. मुलगा बाहेर, त्याच्याबरोबर तुमच्यापैकी एक जण बाहेर, सासूबाई बाहेर. घर दोन भागांत तुटतं. "परत कधी जाणार" याचं मला एवढंच सांगायचंय की दीर तिथेच राहतात. मुलगा १० वर्षांचा झाला की चौघांनी मिळून फक्त युनिव्हर्सलसाठी जावं.

उंचीवरून आठवलं. डिस्नेतल्या राईडनाही किमान उंचीच्या अटी आहेतच. स्लिंकी डॉगला ९७ सेंटीमीटर, टॉवर ऑफ टेररला १०२, स्पेस माउंटन आणि एव्हरेस्टला ११२, ट्रॉनला १२२. एका भाच्याला दोन सेंटीमीटरसाठी मागे फिरवलं होतं, तो त्या दिवशी पुढे काही खाल्लासुद्धा नाही. मुलाला घरीच माहीत असू दे की कुठे जाता येईल आणि कुठे नाही. मोठ्या राईडवर आई-बाबांना आळीपाळीने सोडतात, दुसऱ्यांदा रांग लावावी लागत नाही, ते गेटवरच विचारायचं.

मोकळ्या दिवशी काय करायचं, असा प्रश्न मिस्टर विचारतील. काही नाही. कपडे धुवायचे, हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये डुंबायचं, वरणभात लावायचा. ऑर्लँडोहून गाडीने तासाभरावर केनेडी स्पेस सेंटर आहे, तिथे खरंखुरं सॅटर्न-५ रॉकेट आणि अटलांटिस शटल ठेवलंय, मुलीला फार आवडेल. पण ते मोकळ्या दिवशी घालू नका, तोही पूर्ण दिवसाचा आणि चालण्याचाच प्रकार आहे. टॅम्पाच्या दिवसांत दिरांबरोबर करा.

आणि जायच्या आधी एक रंगीत तालीम करा, हे मी कळकळीने सांगते. इमॅजिका या थीम पार्कला जा. आपल्याकडून खोपोली चार-साडेचार तास धरा. पहाटे चारला निघून त्याच रात्री परत, असं नाशिककर सर्रास करतात. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस रात्री कसारा घाटात गाडी चालवतो, याची मला खरंच भीती वाटते. आदल्या संध्याकाळी जाऊन पनवेल किंवा खोपोलीला मुक्काम करा. वॉटर पार्क त्याच दिवशी जोडू नका, त्याला वेगळा दिवस लागतो. दिवसभरात एका कागदावर टिपत जा: सासूबाई पहिल्यांदा किती वाजता बसल्या, मुलगा पहिल्यांदा किती वाजता रडला, मुलगी किती वाजता मोबाईल मागायला लागली. या तिघांपैकी जी वेळ सगळ्यांत आधीची, तिथे तुमचा ऑर्लँडोतला सकाळचा भाग संपवायचा. दोन वाजले तर माझं वरचं वेळापत्रक जसंच्या तसं चालेल. बारालाच तसं झालं, तर चाराचे तीन दिवस करा आणि मॅजिक किंगडमची दुसरी फेरी काढून टाका. मिस्टरही तिथे असतील, त्यांना वेगळं पटवावं लागणार नाही.

आज एवढंच करा. स्वयंपाकघराच्या चौकटीला मुलाला बुटांसकट ताठ उभं करा, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलने रेघ मारा आणि टेपने मोजा. तो आकडा इथे कळवा. ११२ च्या वर असेल तर कोणत्या दिवशी काय घ्यायचं ते आपण बसून लावू.