पाय बनवण्याआधी चप्पल विचार

भावा, कृत्रिम पाय बनवायला पुनर्वसन परिषदेची नोंदणी झाली म्हणून लगेच साच्याचं प्लास्टर कालवायला बसू नकोस. आधी पेशंटला विचार: शेतात उतरता का, पायात काय घालता? कोल्हापुरात हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. टाचेच्या बुटावर अलाइनमेंट केलेला, म्हणजे कोन जुळवलेला पाय सपाट कोल्हापुरी चपलेत गेला की नडगी मागं कलते आणि गुडघा मागं ढकलला जातो. उसाच्या चिखलात अनवाणी जाणाऱ्याला १९६८ सालचा जयपूर फूट आजही बरा. मांडी घालता येते, बूट लागत नाही. महागडा कार्बनचा पाय तिथं शोभेलाच, असं माझं मत.

खरी कसोटी सॉकेटची, म्हणजे कापून उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीची. गुडघ्याखालच्या पायात गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर (दोरीसारख्या पट्ट्यावर) भार घ्यायचा, म्हणून उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा तिथं घासायचा. नडगीच्या टोकावर आणि फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यावर दाब नको, म्हणून तिथं उलट प्लास्टर चढवायचं. मधुमेहाच्या पेशंटला बऱ्याचदा टोचलेलं कळतच नाही. तो ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी चालवून झाल्यावर सॉकेट काढून कातडी स्वतः बघ. लाली रेंगाळली तर सॉकेट दुरुस्त केल्याशिवाय घरी सोडू नकोस.

आणि पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आटतो. त्यावर घालायला जादा मोजे दे, कधी वाढवायचे ते घरच्यांनाही दाखव.