‘श्यामची आई’ची मध्यवर्ती कल्पना : बाईंचा शेरा बरोबर आहे

ताई, तुमच्या नववीतल्या लेकाने आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ चित्रपट पाहून शाळेच्या प्रकल्पात मध्यवर्ती कल्पना म्हणून ‘आईचे प्रेम’ असं लिहिलं, बाईंनी खाली ‘अपूर्ण’ शेरा मारला आणि आता आणखी काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. शेरा मला पटला. पोराची चूक नाही, निम्मा महाराष्ट्र हेच उत्तर देईल.

मी राहतो जेल रोडला. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तुरुंगाचं नाव रोज तोंडी येतं, पण ‘श्यामची आई’ हे मूळ पुस्तक याच नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं होतं हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी साने गुरुजींनी सुरुवात केली आणि १३ तारखेला, सोमवारी पहाटे तिथलं लेखन संपवलं. बराचसा मजकूर त्या चार-पाच दिवसांतला. लिहिणारा तेहेतीस वर्षांचा कैदी, आणि आई जाऊन पंधरा वर्षं झालेली. हे डोक्यात ठेवून पुस्तक उघडा.

पुस्तकात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत, बेचाळीस. आश्रमात प्रार्थना झाल्यावर मोठा झालेला श्याम मित्रांना आठवणी सांगतो. म्हणजे आई आपल्याला थेट कधी दिसतच नाही, मुलाच्या आठवणीतून दिसते. पोहण्याचा प्रसंग घ्या. पोरगा भिऊन लपतो, आई शिंपटीने झोडपते आणि विहिरीवर धाडते. पडद्यावर हे पाहताना आपण त्या क्षणी पोराच्या बाजूने असतो, पाठ आपलीच हुळहुळते. पुस्तकात मात्र मार खाल्लेला पोरगाच मोठा होऊन सांगत असतो, आणि आपल्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून आईने मारलं हे त्याला कधीच कळून चुकलेलं असतं. तोच प्रसंग, पण सांगणारा बदलला की आशय बदलतो. चित्रपटात वात्सल्य ठळक होतं, पुस्तकात उशिरा आलेली समज.

(गंमत बघा, अत्र्यांच्या चित्रपटातली लोकांच्या ओठांवर राहिलेली छडी शाळेतली आहे, ‘छडी लागे छम छम’वाली. आईची शिंपटी कुणी गुणगुणत नाही.)

दुसरी गोष्ट कर्ज. ‘संस्कारांचं पुस्तक’ म्हणून भेट देणारे याबद्दल फारसं बोलत नाहीत, आणि माझ्या मते इथेच खरा ऐवज आहे. खोताचं खातंपितं घर वाटणीत आणि सावकारीत खचत जातं. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘अब्रूचे धिंडवडे’ या रात्री लेकाला वाचायला लावाच. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो, तेव्हा ही सोशिक बाई कशी पेटून उठते ते बघा. आपल्या जिल्ह्यात कर्ज काय करतं हे कुणाला नव्याने सांगायला नको. द्राक्षाच्या एखाद्या बिघडलेल्या हंगामानंतर घरातल्या बाईचा आवाज कसा बदलतो, हे निफाड-दिंडोरीकडच्या पोरांना विचारा. आईची माया आणि घराची पडझड हे दोन धागे त्याने एकत्र लिहिले, तर शेरा बदलेल असं वाटतं.

अत्र्यांना मी कमी लेखत नाहीये. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं, आणि वनमालाबाईंची आई एकदा पाहिली की पुस्तक वाचतानाही तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो. गुरुजी १९५० सालीच गेले, त्यामुळे त्यांना तो पाहता आला नाही. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला, तोही कृष्णधवल. त्यात ओम भूतकर मोठेपणीचे साने गुरुजी झालेत, म्हणजे सांगणारा माणूस पडद्यावर परत आला. वेळ असेल तर दोन्ही पाहा, पण प्रकल्पासाठी पुस्तक आधी. विकत घेतलं नसेल तर सावानात, म्हणजे आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मिळेल.

आणि लिहायला बसण्याआधी आईच्या शेवटच्या आजारपणाच्या रात्री त्याला मोठ्याने वाचायला सांगा. मग एवढंच विचारा : श्याम घरी पोहोचला, तेव्हा आई होती का?