गाईडचा एच-इंडेक्स (किमान h सायटेशन असलेले h पेपर, यातला सर्वात मोठा h) गूगल स्कॉलर आणि स्कोपस या शोधनिबंधांच्या दोन सूचींवर अनुक्रमे ३८ आणि ३१ दिसतो. खरा कोणता?

(पुण्यात कॅटॅलिसिस (उत्प्रेरकांचा अभ्यास) आणि मटेरियल्समध्ये पीएच.डी. करायची आहे, गाईड निवडताना या आकड्यांवरून काय ठरवायचं, असं तुम्ही विचारलं आहे.)

दोन्ही खरे. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधीचे मसुदे), परिषदांचे लेख, पेटंट यांच्यातली सायटेशनही (इतरांच्या लेखांतले उल्लेखही) धरतं; स्कोपस निवडक जर्नलं, परिषदांचे खंड आणि पुस्तकं यांपुरतं पाहतं. त्यामुळे स्कॉलरचा आकडा मोठा येणारच, आणि ३८-३१ हा फरक अगदी नेहमीचा आहे. स्कोपसवर लेखकाचं नाव शोधायला वर्गणी लागत नाही, तेव्हा स्वतःच पाहून घ्या.

गडबड बहुतेक वेळा नावात असते. पाटील एस., जोशी ए. ही नावं रसायनशास्त्रात ढिगाने आहेत. स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये लेख आपोआप जोडायचा पर्याय चालू ठेवला की दुसऱ्या पाटलांचे पेपर आत शिरतात. यादी वर्षाप्रमाणे लावा. झिओलाइटवर (उत्प्रेरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या सच्छिद्र खनिजांवर) काम करणाऱ्या माणसाच्या नावावर मधेच उसाच्या रोगाचा पेपर दिसला, तर प्रोफाइल साफ केलेलं नाही. स्कोपसमध्ये उलटं होतं: आद्याक्षरं बदलली, लग्नानंतर आडनाव बदललं की एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइलं होतात आणि एच-इंडेक्स उगाच कमी दिसतो. १६ अंकी ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) असेल तर त्यावरची यादी ताडून पाहा.

आता एच-इंडेक्स. हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेलं हे माप हाताने काढता येतं. समजा दहा पेपरांची सायटेशन १२०, ६४, ४१, २२, १५, ९, ७, ५, ३, १ अशी आहेत. सातव्याला ७ आहेत, आठव्याला ८ नाहीत, म्हणून एच ७. दहा किंवा जास्त सायटेशनचे पेपर पाच, म्हणून आय-टेन ५. एकूण २८७ पैकी १२० एकाच पेपरचे आहेत, तो उघडून बघा. रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) असेल तर ती प्रयोगशाळेतल्या कामाची पावती नव्हे. तारांकित लेखक (पत्रव्यवहाराची जबाबदारी असलेला, बहुधा गटप्रमुख) कोण, पहिलं नाव कोणाचं, हेही बघा. एक्सपीएस (पृष्ठभागाचं विश्लेषण) किंवा टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं) करून देणाऱ्याचं नाव पाच-सहा गटांच्या पेपरांत येतं. मदत खरीच असते, पण त्या विषयात तुम्हाला मार्गदर्शन तिथे मिळेलच असं नाही. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन वगळून आकडा काढता येतो, तोही काढा.

विषयाचाही परिणाम मोठा. फोटोकॅटॅलिसिस (प्रकाशाने चालणारं उत्प्रेरण), एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंचे सच्छिद्र सांगाडे), हायड्रोजन यांवर गर्दी आहे, म्हणून सायटेशन भराभर येतात. कारखान्यासाठी प्रोसेस बसवणाऱ्याचं काम पेटंटमध्ये जातं आणि स्कोपसच्या एच-इंडेक्समध्ये उमटतच नाही. पुण्यात पाषाणच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले झिओलाइट उत्प्रेरक एन्सिलाइट नावाने झायलीन या रसायनाच्या प्लांटपर्यंत पोचले, त्या कामाचं वजन सायटेशनने कसं मोजणार? म्हणून पेटंटही शोधा.

माझ्या मते खरी परीक्षा मात्र गेल्या पाच वर्षांतले तीन पेपर सप्लिमेंटरीसकट (पेपरसोबतच्या जोडमाहितीसकट) वाचण्यात आहे. आधी रिसायकलचा, म्हणजे तोच उत्प्रेरक पुन्हा पुन्हा वापरल्याचा तक्ता बघा. 'पाच वेळा वापरूनही रूपांतर (किती कच्चा माल बदलला) ९९ टक्के' हे दिसायला छान. पण अभिक्रिया दोन तासांत संपते आणि त्यांनी सहा तास चालवली असेल, तर उत्प्रेरक निम्मा मेला तरी ९९ च दिसणार. रूपांतर ३०-४० टक्क्यांवर असताना तुलना केली असेल तरच तिला अर्थ. मग हॉट फिल्ट्रेशन: अभिक्रिया अर्ध्यावर असताना, गरम असतानाच गाळायचं आणि गाळलेला द्राव तसाच चालू ठेवायचा. रूपांतर पुढे सरकलं तर उत्प्रेरकातला धातू द्रावात उतरला आहे. थंड करून गाळलं तर तो परत पृष्ठभागावर बसू शकतो आणि चोर सापडत नाही. जोडीला द्रावात किती धातू उतरला हे मोजणाऱ्या आयसीपी चाचणीचे आकडे हवेत. वायूच्या अभिक्रियेत कार्बन बॅलन्स (आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या कार्बनचा हिशेब) दिला आहे का, सिलेक्टिव्हिटीची (हवा तोच पदार्थ किती बनला याची) तुलना सारख्या रूपांतरावर केली आहे का, हेही बघायचं. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग गेला एवढ्यावर दृश्य प्रकाशातला फोटोकॅटॅलिस्ट जाहीर केला असेल, तर सावध व्हा. ते रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं, म्हणून रंग गेल्याचं श्रेय उत्प्रेरकाचंच असेल असं नाही. हायड्रोजनच्या इलेक्ट्रोकॅटॅलिसिसमध्ये काउंटर इलेक्ट्रोड (समोरचा, विद्युतमंडल पूर्ण करणारा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा असेल, तर तो विरघळून नमुन्यावर बसतो आणि श्रेय भलत्याच पदार्थाला मिळतं.

'जगातल्या अव्वल २ टक्क्यांत' या बातम्यांनी हुरळून जाऊ नका. त्या यादीचे दोन भाग असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. बातमीत हा भेद क्वचितच येतो.

शेवटी पबपीअर या छापलेल्या पेपरांवर शंका मांडायच्या संकेतस्थळावर नाव टाकून चित्रं किंवा एक्सआरडीचे (स्फटिकरचना दाखवणारे) आलेख पुन्हा वापरल्याच्या तक्रारी आहेत का पाहा. एखादी शंका आणि तिला दिलेलं सरळ उत्तर, यात वावगं काही नाही. मग शोधगंगेवर (भारतीय पीएच.डी. प्रबंधांच्या संग्रहावर) त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढा आणि विद्यार्थ्यांची नावं पेपरांशी जुळवा: प्रत्येकाला पहिल्या नावाचे किती पेपर मिळाले, आणि नोंदणीपासून किती वर्षांत सुटका झाली.