वाचकांचे प्रश्न : घरच्या व्यायामासाठी बेंच घेताना

प्रश्न : माझी उंची पाच फूट. घरी पाच-पाच किलोची डंबेल्सची जोडी आहे, आता बेंच घ्यायचा आहे. जाहिरातींत पाठ तिरपी करायचे सात-आठ कोन, ३०० किलो क्षमता असं बरंच काही असतं. नक्की काय बघू?

उत्तर : कोन आणि किलो नंतर. आधी टेप घ्या. खुर्चीवर अनवाणी बसून गुडघा काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत मोजा. तुमच्या उंचीला हे माप साधारण ३६ ते ३९ सेंमी भरेल. बरेच बेंच मात्र ४२ ते ४५ सेंमी उंच असतात. पॉवरलिफ्टिंग स्पर्धेच्या नियमातली उंचीही तीच आहे. अशा बेंचवर उताणं झोपलं की टाचा अधांतरी राहतात. त्या टेकवायच्या नादात कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि दुखू लागली की बोल डंबेल्सना! तुमच्या मापाच्या जवळचा बेंच शोधा. नाहीच मिळाला तर दोन्ही पायांखाली घरातले लाकडी पाट ठेवा, पाटाखाली रबरी मॅटचा तुकडा हवाच.

मग बेंचची बैठक आणि पाठ यांच्यामधली फट बघा. बेंच सपाट केल्यावर ती तीन-चार सेंमीपेक्षा जास्त नसावी. मोठी फट नेमकी माकडहाडाखाली किंवा कंबरेखाली येते. पाठीच्या गादीची रुंदी २६ ते ३० सेंमी पुरते. त्याहून अरुंद असेल तर खांद्यांची पाती टेकत नाहीत, फार रुंद असेल तर डंबेल खाली आणताना दंड गादीवर अडतात.

कोन चार मिळाले तरी भागतं : सपाट, ३०, ४५ आणि जवळजवळ ताठ. सपाट आणि ३० अंशांवर छातीचे प्रेस, म्हणजे डंबेल्स वर ढकलणं. त्याच ३०-४५ वर पालथं झोपून रोइंग केलं, म्हणजे डंबेल्स वर खेचले, की कंबरेवर ताण येत नाही. ताठ पाठीवर खांद्यांचे प्रेस. बैठकही थोडी वर उचलली जाते ना, हे तपासा. नाहीतर तिरप्या पाठीवरून तुम्ही खाली घसरत राहाल. डोकं खाली जाणाऱ्या डिक्लाइनसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

क्षमतेच्या आकड्यात तुमचं वजनही धरलेलं असतं. ६० किलो तुम्ही आणि १० किलो डंबेल्स, म्हणजे ७० झाले. २०० किलोचा बेंच त्याला भरपूर.

प्रश्न : वन-बीएचके आहे. घडीचा बेंच चालेल का?

उत्तर : चालेल, पण आधी पलंगाखालची उंची मोजा आणि घडी केलेल्या बेंचची जाडी विचारा. घडीच्या बेंचची दुखरी जागा म्हणजे बिजागरी आणि पिन. दुकानात पाठ ४५ अंशांवर लावा, वरची कड धरून डावीउजवीकडे हलवा. खडखड वाजला तर सोडून द्या. मग अगदी टोकाला बसून बघा. हलका बेंच मागून उचलला जातो. पाठ अडकवायला शिडीसारखे खाचे असतील तर कोन पटकन बदलता येतो, पण आडवी दांडी दोन्ही बाजूंच्या खाच्यांत नीट बसली आहे हे पाहिल्याशिवाय झोपू नका. घडीच्या बेंचवर चढउतार, म्हणजे स्टेप-अप, करू नका.

प्रश्न : हिप थ्रस्ट (बेंचच्या कडेला पाठ टेकवून कंबर वर उचलायचा व्यायाम) करताना बेंच मागे सरकतो.

उत्तर : गुळगुळीत फरशीवर सरकणारच, कारण टाचांच्या रेट्याचा आडवा जोर त्याच्यावर येतो. बेंच आडवा ठेवून त्याची लांब बाजू भिंतीला टेकवा, खाली ८-१० मिमी जाडीची रबरी मॅट घाला. कड खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाशी यायला हवी. मानेशी आली तर बेंच उंच आहे. इथेही ३५ ते ४० सेंमी उंची बऱ्याच जणींना सोयीची पडते.

प्रश्न : रत्नागिरीत राहते. वर्षभरातच रेक्झिनला तडे आणि जोडांवर गंज. काय करावं?

उत्तर : खारी हवा आणि घाम, दोन्ही एकदम. व्यायाम करताना गादीवर पंचा अंथरा, नंतर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. रेक्झिनला तेल किंवा स्पिरिट लावू नका. गंज आधी वेल्डिंगच्या जोडांवर आणि नळीच्या उघड्या तोंडांत धरतो. तिथे पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड प्रायमर, त्यावर ऑइल पेंटचा हात द्या आणि उघडी तोंडं प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा. जोड चिरलेला दिसला तर रंगाने भागणार नाही, तो वेल्डरकडेच न्यावा लागेल. महिन्यातून एकदा सगळे नट पान्याने आवळा.