सोलापुरात टॉवेलचं छोटं युनिट आहे. कधी सूत संपून माग थांबतात, कधी गोदाम भरून राहतं. नियोजनात काय चुकतंय?

तुम्ही सुताची गरज सरासरीवर ठरवताय, आणि माग थांबतात ते सरासरीपेक्षा वाईट दिवसांत. सूतखरेदी मी स्वतः पाहतो, त्यामुळे हा हिशेब रोजचा आहे. समजा, रोज 80 किलो सूत लागतं आणि ऑर्डर दिल्यापासून 12 दिवसांत हाती येतं. मग 960 किलो उरलं की नवी ऑर्डर द्यायची, असं आपण धरतो. पण कामाचा जोर असताना रोज 100 किलो लागलं आणि माल 18 दिवसांनी आला, तर गरज 1800 किलोंची. मधले 840 किलो हाच तुमचा राखीव साठा. दिवस मोजताना गाडी दारात आली तिथे थांबू नका. रंगाई आणि बीम भरणं, म्हणजे मागाच्या रुळावर ताण्याचं सूत गुंडाळणं, धरूनच मोजा. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते.

गोदाम भरण्याचं कारण वेगळं आहे. दिवाळीआधी माल कमी पडू नये म्हणून व्यापारी वाढवून ऑर्डर देतात आणि आपण तीच खरी मागणी समजतो. त्यांच्याकडून दर आठवड्याला प्रत्यक्ष किती विकलं, तो आकडा मागा. स्वस्त दिसलं म्हणून जादा सूत उचलणं टाळा, भांडवल अडकतं.

मात्र राखीव साठा नेहमी चालणाऱ्या नंबरच्या (म्हणजे जाडीच्या) कोऱ्या, न रंगवलेल्या सुताचाच ठेवा. खास रंगाचं सूत ऑर्डर पक्की झाल्याशिवाय घेऊ नका. गिऱ्हाईक फिरलं तर ते दुसरीकडे लवकर खपत नाही.