समूहगान बसवताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शाळा, भजनी मंडळं, महाराष्ट्र मंडळं आणि चर्चमध्ये समूहगान बसवणाऱ्यांची बरीच पत्रं आली. अडचणी वेगवेगळ्या असल्या तरी मूळ एकच दिसतं: स्वतःला गाता येतं, गटाकडून गाऊन घेताना मात्र अडतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं काम वेगळं शिकावंच लागतं. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

मी संगीत विशारद आहे. पाचवी ते आठवीच्या 60 मुलांचा गट आहे. चाल पाठ, शब्द पाठ, तरी पहिला शब्द एकत्र पडत नाही. ‘एक, दोन, तीन’ म्हणूनही उपयोग होत नाही. — संगीत शिक्षिका, सांगली

यात मुलांचा दोष नाही. तोंडाने मोजलेले आकडे बहुधा एका लयीत असतात आणि गाणं दुसऱ्याच लयीत सुरू होतं. शिवाय आकडे मोजताना तुमचा श्वास बाहेर जात असतो, आणि मुलांनी नेमका तेव्हाच श्वास आत घ्यायचा असतो. तुमच्याकडे बघून त्यांना तो घ्यावासा वाटत नाही.

त्यांना हवा असतो उठावाचा ठोका. पहिल्या शब्दाच्या बरोबर एक ठोका आधी, गाण्याच्याच लयीत, हात वर उचलायचा आणि त्याच क्षणी सगळ्यांना दिसेल असा श्वास घ्यायचा. हात खाली येऊन टेकल्यासारखा होतो तिथे पहिला शब्द. हात उचलण्याआधी गाण्याची एक ओळ मनात म्हणून घ्या, म्हणजे लय आधी तुमच्यात बसेल. एकदा शब्द न गाता फक्त हात आणि श्वास एवढंच सलग दहा वेळा करून पाहा. 60 जणांचा श्वास एकत्र ऐकू आला की पहिला शब्द आपोआप एकत्र पडतो.

गाणं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नसेल तर घोटाळा वाढतो. आठ मात्रांच्या केहरव्यातलं गाणं पाचव्या मात्रेवर उठत असेल तर समेचा ठोका जोरात दाखवू नका, मुलं तिथेच सुरू करतील. दर दोन मात्रांना एक ठोका देत असाल तर तिसऱ्या मात्रेचा ठोका हाच उठावाचा. सहाव्या मात्रेवर उठणाऱ्या गाण्याला पाचवीचा ठोका ठसठशीत द्या आणि मुलांना त्याच्या पाठोपाठ येऊ द्या. सात मात्रांच्या रूपकात आणखी एक खाच आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे तिथे समेवरच ‘खाली’ (टाळी नसलेली मात्रा) असते, म्हणून हात बाजूला फिरतो, आणि मागच्या रांगेला तो ठोका वाटतच नाही. गटापुढे रूपक दाखवताना समेला हात सरळ खाली आणा आणि 3, 2, 2 असे तीन असमान ठोके द्या. दादरा चालता असेल तर पहिल्या मात्रेला खाली, चौथीला वर, एवढं पुरतं. सहाच्या सहा मात्रा दाखवल्या की हाताची नुसती धावपळ होते.

आता मोबाइल छातीच्या उंचीवर, तीन मीटर अंतरावर ठेवा आणि तुमचं दोन मिनिटांचं चित्रीकरण करा. ते आधी आवाज बंद करून बघा. नुसत्या हातांवरून लय कळते का? ठोका दर वेळी त्याच उंचीवर टेकतो का? दोन्ही हात उगाच एकसारखे हलतात का? डाव्या हाताकडे आवाज वाढवणं, उतरवणं आणि ओळ थांबवणं ही कामं द्या. सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं तोंड बघा. तुम्ही सोबत गात असाल तर तुम्हाला गट ऐकूच येत नाही, स्वतःचाच आवाज ऐकू येतो. शिकवताना ओळ म्हणून दाखवा आणि मुलं गाऊ लागली की गप्प राहा. ही सवय मोडायला महिना-दोन महिने लागतात, पण तिच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

लयीच्या सरावाला राष्ट्रगीत घ्या. पूर्ण राष्ट्रगीताचा ठरलेला अवधी सुमारे 52 सेकंद आहे. घड्याळ न बघता, मनातल्या मनात म्हणत, हाताने चालवा आणि शेवटी किती सेकंद झाले ते पाहा. 47 किंवा 58 भरत असतील तर तुमची लय तालमीतही अशीच धावते किंवा रेंगाळते.

आमच्या मंडळात 14 बायका आणि 9 पुरुष आहेत. सा पेटीच्या काळी 4 वर धरला तर पुरुषांना जमत नाही, काळी 1 मध्ये बायका पुटपुटतात. मधली पट्टी कशी काढायची? — दुबई

पट्टीचं नाव बाजूला ठेवा आणि आधी गाण्याचा पसारा मोजा: सगळ्यात खालचा सूर कोणता, सगळ्यात वरचा कोणता. शिक्षण न घेतलेल्या बायकांचा गट साधारण मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) पांढरी 6 पासून वरच्या पांढरी 2 पर्यंत न ताणता गातो. पुरुषांचं सोयीचं क्षेत्र जवळपास तेवढंच, पण एक सप्तक खाली. त्यामुळे दोघं एका सप्तकाच्या अंतराने एकच चाल गाऊ शकतात, मात्र गाण्याचे सगळे सूर या कुंपणात बसले पाहिजेत.

समजा, चाल मधल्या सप्तकातला सा ते तार (वरच्या सप्तकातला) रे एवढीच आहे. सा पांढरी 7 ठेवला तर तार रे वरच्या काळी 1 वर येतो, म्हणजे दोन्ही टोकांना थोडी जागा उरते. काळी 4 मध्ये याच चालीचा सा पुरुषांना फार खाली पडतो. काळी 1 मध्ये बायकांनी वरचं सप्तक धरलं तर तार रे वरच्या काळी 2 वर, कुंपणाबाहेर जातो. खालचं धरलं तर सा पुरुषांच्या उंचीवर येतो आणि त्या पुटपुटतात.

चालीचा पसारा मंद्र प ते तार ग असा असेल तर मात्र कोणतीही पट्टी सगळ्यांना पुरणार नाही. तिथे ओळी वाटून द्या: ध्रुवपद सगळे, खालचं कडवं पुरुष, चढणारा अंतरा बायका. ही तडजोड नाही, ऐकणाऱ्यालाही त्यात बदल मिळतो.

गाणं संपेपर्यंत गटाचा सूर अर्धा स्वर उतरलेला असतो. पेटी सोबत असताना कळत नाही, थांबवली की कळतं. — कोल्हापूर

तुमचं निदान अर्धं झालेलंच आहे: पेटी दोष झाकते. प्रत्येक सूर पेटी देत असेल तर गायक एकमेकांना ऐकत नाहीत, पेटीच्या मागे एक क्षणभर ओढले जातात. शिवाय पेटीचे सगळे अर्धस्वर समान अंतरावर असतात. अर्ध्या स्वराचे 100 भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्याच्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 भाग चढा असतो आणि धैवत सुमारे 16. तानपुरा आणि पेटी दोन्ही चालू असताना गट नेमका ‘ग’वर आणि ‘ध’वर डळमळतो, त्याचं एक कारण हे आहे.

तालीम तानपुऱ्यावर घ्या, पेटी फक्त चाल शिकवण्यापुरती. मग अशी परीक्षा करा: तानपुरा लावून ध्रुवपद सुरू करा, पहिल्या ओळीनंतर तो बंद करा, कडवं संपल्यावर पुन्हा लावा. किती उतरलो ते सगळ्यांना एकदम ऐकू येतं, सांगावं लागत नाही. मग ओळीओळीने हेच करून सूर नेमका कुठे सुटतो ते शोधा. बहुतेक वेळा जागा ठरलेल्या असतात: एकाच सुरावर चार-पाच अक्षरं येतात तिथे, अवरोहात (सूर उतरत जातात तेव्हा), आणि लांब ओळीच्या शेवटी श्वास संपतो तिथे. पहिल्या ठिकाणी प्रत्येक अक्षर किंचित वर ठेवतोय अशी कल्पना करून गायला सांगा. शेवटच्या ठिकाणी श्वासाची जागा बदला. लांब ओळीत शेजाऱ्याबरोबर एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही एवढं ठरवलं तरी ओळ तुटत नाही.

एवढं करूनही उतरत असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने बदलून पाहा. खाली नव्हे, आधी वर. अवघड सूर आवाजाच्या जोडावर (खालचा आवाज संपून वरचा सुरू होतो तिथे) पडत असेल तर एवढ्याने तो सरकतो. सुरात पक्के गायक पहिल्या रांगेत एकत्र उभे करू नका, दुसऱ्या रांगेत पसरून उभे करा.

जाता जाता शब्दांबद्दल. ‘आकाश’ सारख्या शब्दात स्वर लांबवायचा असतो ‘का’वरचा. ‘श’ लवकर आला तर सूर तिथेच मरतो आणि चाळीस जणांचा ‘श’ चाळीस वेळा ऐकू येतो. शेवटचं व्यंजन कोणत्या मात्रेवर पडणार ते कागदावर लिहून द्या.

आठवीतल्या तीन मुलांचा आवाज फुटलाय. स्पर्धेपर्यंत त्यांना गप्प उभं करू का? — नाशिक

नाही. त्यांना नुसतं ओठ हलवायला सांगितलं तर ती पुन्हा गाण्याकडे वळत नाहीत, हे फार मोठं नुकसान आहे. या वयात आवाजाचा पसारा कधी कधी पाच-सहा सुरांवर येतो आणि दर महिन्याला सरकतो. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला सहज लागणारा खालचा आणि वरचा सूर तपासून लिहून ठेवा आणि त्या पाच सुरांत बसेल अशी साधी ओळ द्या: सा आणि प धरून ठेवणं, किंवा ध्रुवपदाचा शेवटचा शब्द. वर जाण्यासाठी जोर लावू देऊ नका.

समूहगानाच्या संचालनाचं रीतसर शिक्षण कुठे घ्यावं? नोकरी सोडून जाणं शक्य नाही. — रत्नागिरी

आपल्याकडची खरी उणीव हीच आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा (मंडळ 1931 पासूनचं) तुम्हाला राग-तालाचा पाया देतात, पण परीक्षा एकट्याच्या गाण्याची असते. समोर पन्नास माणसं उभी करून काय ऐकायचं, हे तिथे येत नाही.

रत्नागिरीहून गोवा जवळ आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे आणि गोव्यातल्या चर्चमधली चार आवाजांची (चार गट एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात ती) गायनपरंपरा जिवंत आहे. एखाद्या गटाच्या तालमीला परवानगी काढून मागे बसा. कार्यक्रम बघून शिकायला मिळतं त्यापेक्षा तालमीत कितीतरी जास्त मिळतं, कारण संचालक कुठे थांबवतो आणि थांबवून काय बोलतो ते तिथेच दिसतं. मुंबईतल्या परांज्योती अकॅडमी कोरस या गायकवृंदाचं संचालन कूमी वाडिया यांनी अनेक दशकं केलं, तोही ऐका. रागदारीवर आधारलेलं वृंदगान ऐकायचं तर दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचा वृंद ऐका. ती संस्था विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये स्थापन केली. रुमा गुहाठाकुरता यांनी 1958 मध्ये उभा केलेला कलकत्ता यूथ क्वायरही ऐका. एकच गाणं निवडून चार वेळा ऐका, दर वेळी फक्त एका आवाजाच्या मागे जात.

घरबसल्या तीन गोष्टी शिका. पहिली, पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणं. रोज वीस मिनिटं दिली तर सहा महिन्यांत साध्या ओळी वाचता येतात. दुसरी, हाताच्या खुणांनी सूर दाखवणं. इंग्लंडमध्ये 19 व्या शतकात जॉन कर्वेन यांनी ही पद्धत रुळवली आणि पुढे हंगेरीत संगीतकार कोडाय यांच्या शिक्षणपद्धतीने ती घेतली. त्यातला ‘डो’ हा पहिला सूर आपल्या ‘सा’सारखाच कुठेही ठेवता येतो, म्हणून सा-रे-ग-म ला ती सहज लागू पडते. तिसरी, तालमीची वही. प्रत्येक तालमीआधी दोनच अपेक्षित चुका लिहा, नंतर प्रत्यक्ष कोणत्या झाल्या त्या लिहा. 40 मिनिटांच्या तासात पाच मिनिटं श्वास आणि आवाज मोकळा करायला, पंधरा नव्या ओळींना, पंधरा अडलेल्या जागांना आणि शेवटची पाच पूर्ण गाणं न थांबवता. अडलेली जागा पहिल्या वीस मिनिटांत घेतलीत तर आणखी बरं, तेव्हा कान ताजे असतात.