जोडणी घेण्याआधी खांबावरची पेटी पाहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घरून शेअरचे ट्रेडिंग करण्यासाठी १०० एमबीपीएस वेगाचा इंटरनेट प्लॅन घ्यावा की ३०० चा, असे तू विचारले आहेस. हा प्रश्न शेवटी ठेव. भाव पाहायला आणि ऑर्डर टाकायला चार-पाच एमबीपीएस पुरतात. आपल्याकडच्या गावांत खरी अडचण असते ती सव्वानऊ ते साडेतीन या बाजाराच्या वेळात जोडणी मध्येच तुटण्याची.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका दुपारी माझा इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचा, सौदा उघडा असताना वीज गेली. घरी इन्व्हर्टर होता, राउटरचे दिवेही लागलेले होते, तरी स्क्रीनवरचे भाव जागीच थांबले. कारण केबलवाल्याने चौकातल्या खांबावरच्या पेटीत घराघरांत नेट वाटणारा जो स्विच बसवला होता, त्याला बॅटरीच नव्हती. मी स्टॉपलॉस, म्हणजे ठरावीक भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, लावलेला नव्हता. वीस मिनिटांनी वीज आली, तोवर महिनाभराची कमाई गेली होती.

म्हणून जोडणी देणाऱ्याला आधी हे विचार, की फायबर थेट घरातल्या ओएनटीपर्यंत (फायबर जिथे जोडतात त्या डबीपर्यंत) येणार, की वाटेतल्या स्विचपासून पुढे साधी लॅन केबल ओढणार? थेट फायबर असेल, तर वाटेवरच्या स्प्लिटरला, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या जोडाला, वीज लागत नाही. मग त्यांच्या केंद्रात बॅकअप आणि तुझ्या ओएनटी-राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस एवढ्यावर भारनियमनातही काम चालते.

तार कुठून येते, हे स्वतः चालत जाऊन पाहा. रस्त्यावर ती खाली लोंबत असेल, तर हंगामात कुटाराने भरलेली एखादी ट्रॉली ती तोडून नेईल आणि ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागेल. तालुक्याहून माणूस जोडायला किती वेळात येतो, हे त्याच लाइनवरच्या दुकानदाराला विचार. त्याच्या उत्तरावर माझा जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास आहे.

सोबतीला मोबाइलचे नेट दुसऱ्या कंपनीचे ठेव, कारण दोन्ही एकाच कंपनीचे असले तर रस्त्याच्या कामात जेसीबीने तालुक्याकडची केबल तोडताच दोन्ही बंद पडू शकतात. रेंज बाजाराच्या वेळीच तपास. भूस्थिर उपग्रहाची सेवा अगदीच इलाज नसेल तर घे. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रत्येक ऑर्डरच्या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद तरी जातो. संगणक वायफायऐवजी लॅन केबलने जोड आणि आठवडाभर बाजाराच्या वेळी पिंग (जोडणी तपासायला सतत छोटे संदेश पाठवणारी आज्ञा) चालू ठेवून किती पॅकेट, म्हणजे संदेश, गळतात ते वहीत लिही.

त्याच वहीत ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा, म्हणजे फोनवर ऑर्डर घेणाऱ्यांचा, क्रमांकही असू दे. स्टॉपलॉस एक्स्चेंजकडे आधीच नोंदवलेला असेल, तर तुझे नेट बंद असतानाही तो त्या दिवसापुरता उभा राहतो. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांमधल्या) ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तीन वर्षांत तोटा झाल्याचे दिसले, आणि तो चांगले नेट असलेल्या शहरांतल्या लोकांनाही झाला. तेव्हा कापसाच्या चुकाऱ्याचा पैसा त्यात घालू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पेटी आणि तार पाहून आलास की कळव, मग प्लॅनचे ठरवू.

तुझा,
काका